टेकडीवर फिरताना गळ्यात अडकवायला हलकी दुर्बीण कोणती घ्यावी?

टेकडीवाली

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी नोकरी संपली आणि सकाळ मोकळी झाली. तेव्हापासून आठवड्यातले चार-पाच दिवस वेताळ टेकडीवर जाते. पक्ष्यांमधलं काही कळत नव्हतं. कावळा, कबुतर, पोपट, घार यांच्यापुढे गाडी सरकत नव्हती. परवा खाणीकडच्या वाटेवर रोज भेटणाऱ्या एका काकांनी स्वतःची दुर्बीण हातात दिली आणि म्हणाले, "त्या उंबराच्या शेंड्याला बघा." लहानपणापासून दुपारभर 'टुक् टुक् टुक्' असा आवाज ऐकत आलेय, तो करणारा प्राणी पहिल्यांदा पाहिला. तांबट! चिमणीएवढा जीव. कपाळावर लाल टिळा, डोळ्याभोवती पिवळं, चोचीच्या बुडाशी चक्क मिशा. प्रत्येक 'टुक्'ला गळा फुगायचा आणि मान हलायची. साठ वर्षं हा माझ्या डोक्यावर बसून ठोकत होता आणि मी त्याला ओळखत नव्हते.

घरी येऊन ऑनलाइन शोधायला बसले आणि डोकं गरगरलं. माझ्या अडचणी सांगते. वय ६०, प्रोग्रेसिव्ह चष्मा. मानेचं दुखणं आहे, त्यामुळे जड नको. बजेट सात-आठ हजार, फारच चांगली असेल तर दहा. कमरेच्या पाऊचमध्ये मावली तर सोन्याहून पिवळं. एका ठिकाणी ३०×६० लिहिलेली बाराशे रुपयांत मिळतेय. इतकी स्वस्त कशी? आणि आकडा जितका मोठा तितकी दुर्बीण चांगली ना?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खवचट खंड्या

३०×६० घ्याच ताई. तांबटाच्या मिशा मोजता येतील.

मस्करी सोडा. अशी एक माझ्याकडे आहे, एका थंड हवेच्या ठिकाणी पॉइंटवर विकत घेतलेली. लाल-नारिंगी चकाकणाऱ्या काचा, वर ठसठशीत ३०×६०. घरी येऊन पट्टी लावली तर पुढची काच जेमतेम २२ मिलिमीटर भरली. ६० कुठून आणले ते छापणाऱ्यालाच ठाऊक. मोठेपणाही आठ पटीच्या वर नसावा. त्या लाल काचांमुळे सगळं जग हिरवट-निळसर दिसतं, पिवळाधम्मक हळद्याही आजारी वाटतो. सध्या ती भाच्याकडे आहे, तो उलटी धरून आजोबांकडे बघतो.

माळरान

खंड्याशी सहमत. जरा सविस्तर लिहितो.

दुर्बिणीवरचा पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते आणि दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की मागच्या भिंगातून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याचा व्यास मिळतो. ८×४२ला सव्वापाच, ८×३२ला चार, ८×२५ला तीनच्या किंचित वर, १०×२५ला अडीच. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिमीच उघडी असते, म्हणून सकाळी दहा वाजता उघड्या माळावर छोट्या आणि मोठ्या दुर्बिणीत उजेडाचा फरक जाणवत नाही. फरक कळतो तो साडेसहाला, गर्द झाडीखाली. बाहुली तेव्हा मोठी झालेली असते आणि २५ मिमीच्या दुर्बिणीतला दयाळ नुसता काळा ठिपका होतो. वय वाढतं तशी बाहुली अंधारातही पूर्वीइतकी उघडत नाही, तेव्हा साठीनंतर ७×५०सारखी धोंड गळ्यात बांधून घेण्याचा उपयोग नाही. हा एक फायदाच समजा.

आता मोठेपणा. १० पटीत पक्षी मोठा दिसतो, तशी हाताची थरथरही मोठी दिसते. चढ चढून धाप लागली असताना १०× धरून बघा, पक्षी मोबाइलच्या व्हायब्रेटरवर बसल्यासारखा वाटतो. दुसरं म्हणजे दिसणारा तुकडा लहान होतो. साधारण ८×४२मधून वीस मीटरवरच्या झाडाचा अडीच मीटर रुंदीचा भाग दिसतो, बऱ्याच १०×मधून दोन मीटरच्या आसपास. नवख्या माणसाचा सगळा झगडा पक्षी दुर्बिणीत 'सापडण्याचा' असतो. त्याला तो अर्धा मीटर फार मोलाचा.

नान्नजच्या माळावर मी दहा वर्षं ८× वापरतोय. तारेवर बसलेल्या कापशी घारीचा लाल डोळा त्यातून स्वच्छ दिसतो.

पाणथळ

माळरान, तुमचं टेकडीपुरतं खरं. भिगवणला किंवा नांदूर मध्यमेश्वरला या, मग बोलू. पाण्यापलीकडची बदकं ८×मध्ये नुसती ओळ दिसते. आम्हाला १०×४२शिवाय चालत नाही, आणि तीही कमी पडते म्हणून लोक स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) लावतात. ताई टेकडीवरच फिरणार असतील तर ८× घ्यावी, वाद नाही.

चष्मिष

सगळे आकडे सांगतायत, ताईंच्या चष्म्याबद्दल कुणीच बोललं नाही.

ताई, तुमच्यासाठी पहिली कसोटी आय रिलीफ. डोळा मागच्या भिंगापासून किती लांब असला तरी पूर्ण गोल चित्र दिसतं, ते अंतर. चष्मा असेल तर किमान १५ मिमी हवं, १७-१८ असेल तर निवांत. कमी असेल तर चष्म्यासकट बघताना किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं दिसतं. मी हौसेने निकॉनची अॅक्युलॉन ए२११ ८×४२ घेतली. पैशाच्या मानाने चित्र फार सुंदर, कडेपर्यंत ऐसपैस. पण आय रिलीफ १२ मिमी. चष्मा काढून बघायचं, पक्षी उडाला की चष्मा शोधायचा. शेवटी बायकोला दिली. तिला चष्मा नाही, ती खूश आहे. वजनही साडेसातशे ग्रॅम, तुमच्या मानेला तसंही नकोच.

नुसता साधा नंबर असेल तर चष्मा काढूनही फोकसच्या चाकाने भागतं. सिलिंडरचा नंबर जास्त असेल तर चष्मा हवाच. प्रोग्रेसिव्ह असल्यामुळे बघताना हनुवटी किंचित खाली घ्या, म्हणजे वरच्या, लांबच्या भागातून नजर जाईल. खालच्या भागातून बघितलं तर फोकस कितीही फिरवा, धुकंच.

आयकप रबराचे असतील तर दुमडायचे, पिळायचे असतील तर पूर्ण आत बसवायचे. काही लोक चष्म्यासकट आयकप बाहेर ठेवून बघतात आणि दुर्बिणीला शिव्या देतात.

टेकडीवाली

चष्मिष, सिलिंडर आहे, दीड. काकांच्या दुर्बिणीत कडेला काळं-काळं येत होतं, मला वाटलं ती बिघडलीय. आयकप नावाचा प्रकार आहे हेच माहीत नव्हतं!

पाऊचमध्ये मावणारी ८×२१ किंवा १०×२५ असं काही चालेल का? वजन तीनशे ग्रॅमच्या आत दिसतंय.

निवांत

मी त्या पाऊचवाल्यांपैकी. निकॉनची स्पोर्टस्टार ८×२५, घडी घालून शर्टाच्या खिशात जाते. आठ वर्षं झाली. कर्नाळ्याला जातो, गावी जातो, एसटीच्या खिडकीतूनही वापरतो. मोठी घरीच राहते, ही कायम बरोबर असते. घरी राहिलेल्या दुर्बिणीतून एकही पक्षी दिसत नाही.

माळरान

निवांत, तुमचं वाक्य बिनतोड, पण खरं सांगा, पाऊच उघडून, दोन बिजागऱ्या उलगडून, डोळ्यांच्या अंतराला जुळवून घेईपर्यंत किती पक्षी थांबतात? नाचण एका फांदीवर दोन सेकंद बसत नाही.

निवांत

निम्मे उडतात. कबूल. सातभाई थांबतात.

खवचट खंड्या

सातभाई थांबत नाहीत, ते भांडण संपवून जातात.

सुलभा_ठाणे

टेकडीवाली, मी तुमच्याच वयाची, मानेचं दुखणं माझंही. माझा अनुभव सांगते. आधी मानेसाठी म्हणून १०×२५ घेतली, तीनशे ग्रॅमची. मान ठीक राहिली पण डोळे दुखायला लागले. मागच्या भिंगाचा ठिपका इतका बारीक की डोळा केसभर हलला तरी काळोख. येऊरला दोन तास बघून आले की कपाळ ठणकायचं.

मग एका मैत्रिणीने हार्नेस दाखवला. दप्तरासारखे दोन पट्टे खांद्यांवरून जाऊन पाठीवर एकमेकांना छेदतात आणि दुर्बीण छातीशी टेकून राहते. भार खांद्यांवर, मानेवर काही नाही. सहाशे ग्रॅमची ८×४२ मी आता दोन तास सहज वागवते, वाकले तरी दगडावर आपटत नाही. दुर्बिणीबरोबर येतो तो बारीक नायलॉनचा पट्टा मात्र पहिल्या दिवशीच काढून टाका, मानेला काचतो.

तुमचं 'हलकी हवी' हे खरं तर 'मानेवर नको' असं आहे का, ते तपासून बघा. माझ्या बाबतीत तसंच निघालं.

कोकणी वारा

इथे पावसाळ्यात दमटपणा किती ते सांगायला नको. माझ्या वडिलांची जुनी रशियन ८×३० होती, टेंटो. पूर्ण धातूची, पिवळसर दिसायचं, पण काय दणकट! गोठ्याच्या आढ्याला टांगलेली असायची. दोन पावसाळे कपाटात कातडी केसमध्ये राहिली आणि आत बुरशीची जाळी पसरली, अगदी कोळ्याने विणल्यासारखी. दुरुस्तीवाल्याने बाहेरच्या काचा पुसून दिल्या आणि आतलं काही होणार नाही म्हणाला.

तर कोकणात, किंवा ताम्हिणी-आंबोलीकडे पावसात फिरणार असाल तर वॉटरप्रूफ आणि आत नायट्रोजन भरलेली घ्या. आतली हवा कोरडी राहते, काचांवर आतून धुकं धरत नाही. साधी असेल तर मुसळधारेतून आल्यावर कव्हरमध्ये कोंडू नका. पंख्याखाली वाळवा, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. घरचे हसतात, हसू द्या.

बॅटरीसंपली

एक वेगळा विचार. एवढे पैसे घालण्यापेक्षा मोठ्या झूमचा कॅमेराच का नको? निकॉन पी९००ला ८३ पट झूम आहे. फोटोही मिळतो, घरी येऊन पक्षी ओळखता येतो.

माळरान

घ्या की, पण ते दुर्बिणीच्या ऐवजी होत नाही. कॅमेऱ्यात छोटा पडदा बघता, एका डोळ्याने, झूम सरकेपर्यंत पक्षी दुसऱ्या झाडावर. दुर्बीण दोन्ही डोळ्यांची, त्यामुळे फांद्यांची खोली कळते, पानाआडचा पक्षी वेगळा उठून दिसतो. शिवाय ताईंच्या बजेटमध्ये तो कॅमेरा येत नाही.

पाकोळी

ताईंना पक्ष्यांबरोबर फुलपाखरंही बघायची असतील तर पेंटॅक्सच्या पापिलिओबद्दल वाचा. ६.५×२१, तीनशे ग्रॅमच्या आत, आणि फक्त अर्ध्या मीटरवरची वस्तू फोकस होते. साध्या दुर्बिणी तीन-पाच मीटरच्या आतलं दाखवतच नाहीत. पापिलिओतून घाणेरीच्या झुडपावर बसलेल्या फुलपाखराच्या पंखावरचे खवले कौलांसारखे रचलेले दिसतात. सोंड उलगडून फुलात घालताना बघणं म्हणजे... जाऊ दे, शब्द नाहीत.

अवांतर: पापिलिओ म्हणजे लॅटिनमध्ये फुलपाखरू. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केलं, त्याचंही शास्त्रीय नाव पापिलिओ पॉलिम्नेस्टर.

उंच झाडावरच्या पक्ष्यांसाठी मात्र ही दुसरी दुर्बीण म्हणून ठीक, पहिली म्हणून नको.

टेकडीवाली

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी! सुलभाताई, तुमचा प्रश्न बरोबर लागला. मला खरंच मानेचीच भीती आहे.

मग आता ८×४२ आणि हार्नेस, की मधलं काही? आणि दुकानात जाऊन नेमकं काय बघू? दुकानदार "हे बेस्ट आहे मॅडम" याच्यापलीकडे काही बोलत नाहीत.

माळरान

मधलं आहे. ८×३० किंवा ८×३२. ठिपका पावणेचार ते चार मिमी, वजन साडेचारशे-पाचशे ग्रॅम. तुमच्या बजेटमध्ये निकॉन प्रोस्टाफ पी३ ८×३० बघा. आय रिलीफ पंधराच्या थोडा वर आणि दिसणारा तुकडा चांगलाच रुंद. त्याच मालिकेतली ८×४२ साडेपाचशे ग्रॅमच्या पुढे जाते, तिचा आय रिलीफ मात्र वीस मिमीचा, चष्म्यासाठी आलिशान. दोन्ही हातात घ्या. किमती रोज बदलतात म्हणून आकडा देत नाही, दहाच्या थोडं वर जायची तयारी ठेवा.

दुकानात आधी पुढच्या काचा उजेडाकडे करून हातभर लांब धरा. मागच्या भिंगात प्रकाशाचा ठिपका दिसेल. तो पूर्ण गोल असावा. कडा कापल्यासारखी, चौकोनी करडी सावली आली तर आतलं प्रिझम (चित्र सुलटं करणारी काच) हलक्या प्रतीचं. मग दुकानाबाहेर या, आत ट्यूबलाइटखाली सगळंच छान दिसतं. समोरच्या इमारतीची गच्ची, आकाशाला लागलेली टीव्हीची तार किंवा अँटेना बघा. तिच्या कडेला जांभळी-हिरवी किनार फार उठत असेल तर स्वस्त काच. त्यानंतर दोन मिनिटं सलग बघा आणि दुर्बीण खाली घ्या. डोळे ताणल्यासारखे वाटले, क्षणभर दोन दोन दिसलं, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. ती ठेवून द्या आणि त्याच मॉडेलची दुसरी पेटी उघडायला सांगा. स्वस्त दुर्बिणीत एकाच मॉडेलचे दोन नग वेगळे निघतात.

८-२४× असली झूमवाली घेऊ नका. 'ऑटो फोकस' लिहिलेलीही नको. त्यात फोकस बदलताच येत नाही, जवळचं सगळं पुसट.

चष्मिष

आणि उजव्या डोळ्याची कडी जुळवायला विसरू नका. पुढची उजवी काच हाताने झाका, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला लांबची पाटी स्वच्छ करा. मग डावी झाका, चाकाला हात न लावता उजव्या आयकपजवळची कडी फिरवून तीच पाटी स्वच्छ करा. कडीवर खूण असते, ती लक्षात ठेवा. यानंतर आयुष्यभर फक्त मधलं चाक. निम्मे लोक हे न करता "माझ्या डोळ्यांना दुर्बीण चालत नाही" म्हणतात.

पाणथळ

५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह आहे. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ला, सालिम अलींचा १२ला, म्हणून हे दिवस. जागोजागी सकाळच्या फेऱ्या निघतात. एखाद्या फेरीला जा आणि बिनधास्त लोकांच्या दुर्बिणी मागा. पाच जणांच्या पाच बघितल्या की कुठली आपली ते हाताला कळतं. पक्षीवाले दुर्बीण द्यायला नाही म्हणत नाहीत. पुस्तक मागितलं तर म्हणतात.

खवचट खंड्या

कारण पुस्तक परत येत नाही.

सुलभा_ठाणे

एक युक्ती राहिली. पक्षी दिसला की मान खाली घालून दुर्बीण शोधू नका. नजर पक्ष्यावरच ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांपुढे आणायची. सुरुवातीला घरच्या खिडकीतून समोरच्या नारळावर सराव केला मी, आठवडाभर. शेजाऱ्यांना वाटलं मी त्यांच्याकडे बघते. खिडकीचं तेवढं सांभाळा.

टेकडीवाली

मंडळी, घेतली!

पक्षी सप्ताहाच्या फेरीत चार दुर्बिणी डोळ्याला लावून बघितल्या. एका मुलीची ८×२५ हातात धरली आणि सुलभाताईंचं म्हणणं पटलं, डोळा नेमका कुठे ठेवायचा तेच सापडेना. मग दुकानात पी३ची ८×३० आणि ८×४२ दोन्ही बाहेर फूटपाथवर नेऊन बघितल्या. दुकानाचा मुलगा माझ्या शेजारी उभा, मी पळून जाईन अशा बेताने. ४२मध्ये चष्म्यासकट चित्र जास्त ऐसपैस होतं, खरं सांगते. पण हातात धरल्यावर ३० आपली वाटली. तिच्यातही कडेची पूर्ण गोलाई दिसते, चष्मा आयकपला टेकवला की. पहिल्या नगात उजवीकडे किंचित दोन-दोन वाटत होतं, दुसरी पेटी उघडायला लावली. माळरान, दुकानदाराने तुमच्या नावाने बोटं मोडली असतील. बजेट थोडं ओलांडलं, लेकाने वरचे घातले. हार्नेस वेगळा घेतला, मान शाबूत.

आज पहिलाच दिवस. टकाचोर दोन, हळद्या एक (आजारी नव्हता), आणि तांबट पुन्हा त्याच उंबरावर. काकांना म्हटलं, आता तुम्ही माझ्या दुर्बिणीतून बघा.

एक ओळखून द्या. खाणीजवळच्या दगडावर बसला होता. बुलबुलापेक्षा लहान, छाती-पाठ काळपट, पोट आणि शेपूट विटकरी. सारखा खाली उतरायचा, काहीतरी टिपायचा आणि परत दगडावर. बसला की शेपटी अशी थरथरत होती, थंडी वाजल्यासारखी. आधी मला वाटलं माझाच हात हलतोय.

माळरान

हात स्थिर आहे ताई. कृष्ण थिरथिरा, नर. हिवाळी पाहुणा, मार्चपर्यंत त्याच दगडावर भेटेल. मादी तपकिरी असते, शेपटी तशीच विटकरी. जवळपास बघा.

टेकडीवाली

थिरथिरा! उद्या सहालाच जाते.

खवचट खंड्या

सहाला अंधार असतो ताई. ४२ घ्यायला हवी होती.